रक्ताच्या चिठ्ठीवरील आंकडा
(सी. डी. ४ तपासणी कशी समजावी, ह्याविषयीं एक धडा)

सावलीहून व्याहाडवरून वैनगंगा ओलांडली म्हणजे गडचिरोली, आणि मुलवरून गेलें म्हणजे चांदा, ज्यास आतां चंद्रपूर म्हणतात. ह्या दोन वाटांनीं जाणाऱ्या एस. टी. गाड्यांत असा एखादा प्रवासी असतो, जो दवाखान्याचें नांव न काढतां दवाखान्यास जात असतो. परततांना त्याच्या खिशांत, किंवा तिच्या पदराच्या गांठींत, घडी केलेली एक चिठ्ठी असते व तींत एक आंकडा लिहिलेला असतो. ती शेजाऱ्यास दाखवितां येत नाहीं आणि घरांत वाचणारें कोणी असलेंच तर त्यास आंकडा कळतो, अर्थ कळत नाहीं. आंकडा वाढला तर त्या रात्रीं घरांत हंसूं ऐकूं येतें. उतरला तर पानावरचा भात तसाच राहतो. त्या आंकड्याचा खरा अर्थ काय व तो किती मनावर घ्यावा, हें आजच्या धड्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

विषय नाजूक आहे खरा. तथापि २०२१ सालच्या राष्ट्रीय अंदाजाप्रमाणें भारतांत एच. आय. व्ही. घेऊन जगणारीं माणसें सुमारें २४ लाख होतीं व त्यांपैकीं जवळजवळ ४ लाख एकट्या महाराष्ट्रांत होतीं. इतक्या घरांत जी चिठ्ठी येते ती वाचावयास शिकविणें हें लाजेचें काम नव्हे. शिवाय ती नीट न समजल्यामुळें दोन बाजूंनीं नाश होतो. एकाचा आंकडा ६०० येतो. तो म्हणतो, 'मी बरा झालों,' आणि गोळ्या बंद करितो. दुसरीचा १५० येतो. ती म्हणते, 'आतां काय उरलें,' आणि तीहि गोळ्या बंद करिते. दोघांनीं वाचलेला आंकडा बरोबर असतो व दोघांनीं काढलेला अर्थ चुकीचा असतो.

प्रथम ही सी. डी. ४ म्हणजे काय वस्तु आहे तें पाहूं. आपल्या रक्तांत तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी असतात व त्यांचें काम बाहेरून शिरलेल्या रोगजंतूंशीं झुंजण्याचें असतें. ह्या पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या नाहींत. धान निसवल्यावर आपल्याकडील शेतकरी रात्रीं जागलीस जातात, त्याचें उदाहरण घ्या. रानडुकरें बांधावर आलीं म्हणजे सर्वच जागले एकदम धांवत नाहींत. एक कोणी कान देऊन बसलेला असतो. तो प्रथम चाहूल घेतो व आरोळी ठोकतो. मग कोणी काठी घेऊन उठतो, कोणी टेंभा पेटवितो, कोणी कुत्रीं सोडतो. सी. डी. ४ पेशी ही ती आरोळी देणारी पेशी होय. रोगजंतूस स्वतः ठार मारणें हें तिचें मुख्य काम नव्हे. मारणाऱ्यांस उठविणें हें आहे. शास्त्रज्ञांनीं पेशींच्या अंगावरील खुणांस क्रमांक दिले आहेत, व ह्या पेशीवर चौथ्या क्रमांकाची खूण असते, म्हणून तिचें हें नांव पडलें.

एच. आय. व्ही. हा विषाणु १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत सांपडला. तो शोधणाऱ्या फ्रांस्वाज बारे-सिनूसी व ल्यूक मोंतान्ये ह्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९८४ सालीं असें दिसून आलें कीं, ही चौथी खूणच विषाणूचा दरवाजा आहे. तो तिला चिकटतो, पेशींत शिरतो, तिच्याच सामग्रीवर आपली वीण वाढवितो व शेवटीं तिचा नाश करितो. म्हणजे काठीवाला शाबूत, टेंभेवाला शाबूत, कुत्रीं शाबूत. आणि आरोळी देणाराचाच गळा दाबला गेला. शेत एका रात्रींत जात नाहीं. पण दररात्रीं थोडें थोडें जातें. औषध न घेतल्यास ह्या पेशी सरासरीनें दरसाल ५० ते १०० नीं कमी होत जातात, आणि कित्येक वर्षें त्या माणसास बाहेरून कांहींच जाणवत नाहीं.

चिठ्ठीवरील आंकडा म्हणजे एक घन मिलिमीटर रक्तांतील, म्हणजे सुमारें मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबांतील, ह्या पेशींची संख्या होय. निरोगी प्रौढ माणसांत ती बहुधा ५०० ते १५०० असते. ती मोजण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. दंडांतील शिरेंतून थोडें रक्त घेऊन, तें गोठूं नये असें द्रव्य घातलेल्या नळींत ठेवितात. प्रयोगशाळेंत त्यांत असे रंगद्रव्य मिळवितात कीं, जें चौथ्या खुणेच्याच पेशीस लागतें. मग तें रक्त एका यंत्रांतून बारीक धारेनें सोडतात. पेशी एकामागून एक लेसर किरणापुढून जातात, रंग लागलेली पेशी चमकते, व यंत्र ती चमक मोजतें. हें रक्त बर्फांत ठेवीत नाहींत, आणि ठराविक तासांच्या आंत यंत्रास लावावें लागतें. म्हणून केंद्रावर ह्या तपासणीचे दिवस नेमलेले असतात व 'उद्यां या' असें सांगितलें जातें. मजुरी बुडवून आलेल्या माणसास तें जाचक वाटतें, आणि त्याचें वाटणें गैर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु शिळ्या रक्तावरून काढलेला आंकडा हा न काढलेल्याहून वाईट.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा आंकडा दगडावरची रेघ नव्हे. एकाच माणसाचें रक्त एकाच दिवशीं दोनदां घेतलें तरी तो निराळा येतो; दुपारच्या सुमारास तो कमी असतो व संध्याकाळनंतर चढतो. अंगांत ताप असतां तो उतरतो. गडचिरोलीकडील हिंवताप सर्वश्रुतच आहे. हिंवतापाच्या झटक्यांत ह्या पेशी कांहीं काळ कमी दिसतात व ताप गेल्यावर पुन्हां वर येतात. नुकतीच लस टोंचली असेल, दम्यासाठीं वगैरे स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर त्याचाहि परिणाम होतो. म्हणून शेंकडा ३० पर्यंतच्या चढउतारावरून डॉक्टर एकाएकीं निर्णय करीत नाहींत. मागच्या खेपेस ४२० होते व ह्या खेपेस ३५० आले, तर ती घट शेंकडा १७ च्या आंतबाहेर झाली. तेवढ्यावरून घरांत रडारड करण्याचें कारण नाहीं. तपासणीच्या आधींच्या दोनतीन आठवड्यांत ताप, जुलाब किंवा दुसरें कांहीं दुखणें झालें असल्यास तें मात्र न विसरतां सांगावें. एका आंकड्यापेक्षां तीनचार आंकडे ओळीनें मांडून पाहिले म्हणजे वाट चढाची आहे कीं उताराची, हें कळतें.

कित्येक चिठ्ठ्यांवर आणखी एक आंकडा शेंकड्याच्या खुणेसह असतो. त्याकडे कोणी पाहत नाहीं, पण पुष्कळदां तोच अधिक विश्वासू असतो. समजा, एका माणसाच्या रक्तांत लिंफोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी २००० आहेत व त्यांपैकीं शेंकडा २५ सी. डी. ४ आहेत, तर आंकडा ५०० झाला. पुढें ताप आला व लिंफोसाइट १४०० वर आल्या; शेंकडा २५ च राहिला, तर आंकडा ३५० होईल. दीडशें पेशी गेल्या असें वाटेल. वस्तुतः शंभरांतील वांटा होता तोच आहे. गरोदर बाईच्या अंगांत रक्ताचें पाणी वाढतें, त्यामुळें तिचा आंकडा पातळ होऊन उतरतो, पण शेंकडा फारसा हलत नाहीं. अशा वेळीं तिला, 'पोटांतल्या पोरानें तुझी ताकद खाल्ली,' असें कोणी म्हणूं नये. प्रौढ माणसांत शेंकडा १४ हा साधारणपणें २०० च्या आंकड्याशीं जुळतो, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

आपल्या भागापुरती एक विशेष गोष्ट येथें सांगितली पाहिजे. चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. त्यांत प्लीहा, म्हणजे पानथरी, हळूहळू निकामी होते. प्लीहा काढून टाकलेल्या किंवा निकामी झालेल्या माणसांत रक्तांतील लिंफोसाइट वाढलेल्या असतात, म्हणून त्याचा सी. डी. ४ चा आंकडा आहे त्याहून चांगला दिसूं शकतो. अशा रुग्णानें आपल्याला सिकलसेल आहे हें ए. आर. टी. केंद्रावर अवश्य सांगावें, म्हणजे डॉक्टर शेंकड्याकडे लक्ष देतील. सिकलसेलचें कार्ड एका पिशवींत आणि ही पुस्तिका दुसऱ्या पिशवींत, असें करूं नये.

मुलांचा हिशेब तर अगदींच वेगळा. मोठ्याचा ९०० आंकडा आला तर आपण आनंद करूं. परंतु एक वर्षाच्या आंतील बालकाचा ९०० आला तर तो कमी होय, कारण त्या वयांत १५०० च्या वर असावयास पाहिजे. एक ते पांच वर्षांच्या मुलांत १००० च्या वर असणें ठीक. सहा वर्षांनंतर मोठ्यांचें माप लागूं होतें. ज्या सावलीस १९३६ सालीं गांधी सेवा संघाची सभा भरली व जेथें चरखा पुष्कळ वर्षें चालला, तेथील लोकांस हें समजणें कठीण जाऊं नये. सुताचा अंक मोठा म्हणजे सूत बारीक, बळकट असेंच नव्हे. अंक कशाचा व कोणासाठीं हें आधीं पाहावें लागतें. पांच वर्षांच्या आंतील बाधित मुलाचा आंकडा कितीहि असो, औषध सुरूं झालेलें नसल्यास त्याची प्रकृति धोक्याची आहे असें धरूनच डॉक्टर चालतात.

आंकडा उतरला म्हणजे कोणतें संकट येतें? २०० च्या खालीं एका विशिष्ट बुरशीमुळें होणारा फुप्फुसाचा दाह, १०० च्या खालीं मेंदूचे कांहीं रोग, ५० च्या खालीं डोळ्यांच्या पडद्याचा एक रोग, जो दृष्टि घेऊन जातो. अशी ती उतरंड आहे. म्हणून २०० च्या खालीं आंकडा आला असतां डॉक्टर निराळ्या चाचण्या करवितात, लघवींतून क्षयाची व रक्तांतून मेंदूज्वर आणणाऱ्या एका बुरशीची, आणि साधारणपणें ३५० च्या खालीं को-ट्रायमोक्साझोल नांवाची संरक्षक गोळी देतात. १५० आंकडा आलेल्या बाईस आमचें सांगणें हेंच कीं, हा आंकडा म्हणजे निकालपत्र नव्हे. कोठें कोठें पहारा बसवावयाचा, त्याची ती यादी आहे. ५० च्या खालून निघून औषधाच्या बळावर शेंकड्यांत पोंचलेलीं माणसें आज शेतांत रोवणी करीत आहेत. औषध सुरूं झाल्यावर पहिल्या वर्षांत आंकडा बहुधा ५० ते १५० नीं वाढतो, त्यांतहि पहिल्या तीन महिन्यांत वेगानें. खालून निघालेल्यास वेळ अधिक लागतो इतकेंच.

क्षयरोग मात्र ह्या उतरंडीस जुमानीत नाहीं. आंकडा ५०० असो कीं ५०, तो केव्हांहि गांठतो. खोकला, ताप, वजन घटणें, रात्रीं घाम येणें, ह्या चार गोष्टी दर खेपेस केंद्रावर विचारल्या जातात. त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी खरें उत्तर द्यावें. क्षय नाहीं अशी खात्री झाल्यावर तो होऊं नये म्हणून औषध देतात, तें आंकडा चांगला असला तरी घ्यावयाचें असतें. आणि एच. आय. व्ही. च्या गोळ्या सुरूं झाल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत ताप आला किंवा मानेला गांठी आल्या, तर 'गोळी बाधली' म्हणून ती सोडूं नये. झोंपलेले जागले जागे होऊन आंत दडलेल्या क्षयावर तुटून पडले, असाहि त्याचा अर्थ असूं शकतो. लगेच केंद्र गांठावें; क्षयाचें औषध सुरूं झाल्यास डोल्युटेग्राव्हीर नांवाच्या औषधाची मात्रा वाढवावी लागते, तें तेथेंच ठरतें.

आतां ज्याच्यासाठीं आम्हीं मुख्यतः हा धडा लिहावयास घेतला तो मुद्दा. पुष्कळ गांवांत अद्याप अशी समजूत आहे कीं, आंकडा चांगला असला म्हणजे गोळ्या लागत नाहींत. ही समजूत लोकांनीं हवेंतून काढलेली नाहीं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनें ह्या औषधांचा मोफत पुरवठा सुरूं केला, तेव्हां औषध महाग व थोडें होतें. त्यामुळें ज्यांचा आंकडा २०० च्या खालीं गेला असेल त्यांस तें प्रथम मिळे. बाकीच्यांस, 'सहा महिन्यांनीं पुन्हां तपासून घ्या,' असें सांगत. पुढें ती पायरी ३५० वर नेली, नंतर ५०० वर. त्या काळीं हा आंकडा म्हणजे औषधाच्या खोलीचें फाटक होतें. २०१७ सालीं भारतानें तें फाटकच काढून टाकलें: ज्यास बाधा आहे असें ठरलें त्यास आंकडा न पाहतां औषध द्यावयाचें. परंतु २०१७ च्या पूर्वीं ज्यांस, 'तुमचा आंकडा चांगला आहे, आतां औषध नको,' असें सांगून परत पाठविलें, त्यांतील कांहीं जण त्याच वाक्यावर विसंबून घरीं बसले असतील. नियम बदलला हें त्यांस कोणीं सांगितलें? असा कोणी आपल्या ओळखीचा असेल तर त्यास एकांतीं गांठून सांगा कीं, तें वाक्य आतां रद्द झालें आहे.

हा बदल पैशाच्या सोयीनें झाला असें नाहीं. २०१५ सालीं एका मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला. ३५ देशांतील ४,६८५ माणसें त्यांत होतीं व सर्वांचा आंकडा ५०० च्या वर होता. अर्ध्यांनीं लगेच औषध घेतलें, अर्ध्यांनीं आंकडा ३५० वर येईपर्यंत वाट पाहिली. लगेच घेणारांत गंभीर आजार व मृत्यु ह्यांचा धोका शेंकडा ५७ नें कमी आढळला. त्याच्याहि आधीं, २००६ सालीं, मध्येंच गोळ्या थांबविण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता: आंकडा ३५० च्या वर गेला कीं औषध बंद, २५० च्या खालीं आला कीं पुन्हां सुरूं. थांबविणारांत आजार व मृत्यु दुपटीहून अधिक झाले आणि प्रयोग अर्ध्यांतच सोडावा लागला. 'मी बरा झालों' म्हणून गोळ्या सोडणारा माणूस तोच प्रयोग आपल्या घरीं एकट्यानें करीत असतो. आंकडा ६०० झाला तो गोळीमुळें. बांध फोडून टाकल्यावर बांधींत पाणी राहील काय?

मग औषध लागूं पडलें कीं नाहीं, हें कशावरून ओळखावें? त्यास दुसरी तपासणी आहे, तिला व्हायरल लोड म्हणतात. सी. डी. ४ नें जागले मोजले जातात, व्हायरल लोडनें डुकरें. औषध सुरूं झाल्यावर सहाव्या व बाराव्या महिन्यांत आणि नंतर दरसाल ती करावयाची असते. एक मिलिलिटर रक्तांत १००० च्या खालीं विषाणु असले तर औषध काम करीत आहे असें धरतात. उत्तम म्हणजे यंत्रास एकहि न सांपडणें. येथें मोठा आंकडा वाईट व लहान चांगला. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र वाचतांना हीच उलटापालट होऊन माणसें घाबरतात. गोळ्या चुकूं लागल्या तर आधीं व्हायरल लोड वाढतो, सी. डी. ४ मागाहून उतरतो. म्हणजे उतरलेला सी. डी. ४ ही बातमी उशिरां पोंचणारी आहे. ह्याच कारणानें, प्रकृति स्थिर होऊन विषाणु दबलेला राहिला व आंकडा पुरेसा वर गेला म्हणजे डॉक्टर सी. डी. ४ ची तपासणी वारंवार करीत नाहींत. 'आमची तपासणी बंद केली, आमच्याकडे दुर्लक्ष झालें,' असें त्यावरून समजूं नये.

कांहीं जणांत, विशेषतः ज्यांनीं औषध फार उशिरां सुरूं केलें किंवा ज्यांचें वय झालें आहे त्यांत, विषाणु पूर्ण दबतो पण सी. डी. ४ हवा तितका चढत नाहीं. हा त्यांचा दोष नाहीं, व बाजारांत 'सी. डी. ४ वाढविणारें' म्हणून विकलें जाणारें चूर्ण घेऊन तो चढेल अशी आशाहि धरूं नये. डाळ, अंडीं, भाजी, मासे हीं अंगास चांगलींच. पण तीं गोळीच्या जागीं बसत नाहींत. विषाणु दबलेला ठेवणें हेंच त्यांचें मोठें यश, कारण तेवढ्यानें आजाराचा धोका पुष्कळ कमी होतो आणि जोडीदारासहि बाधा पोंचत नाहीं. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासांत, ज्यांत पुण्याचीं व चेन्नईचीं जोडपींहि होतीं, औषध लवकर सुरूं केल्यानें जोडीदारास होणारी लागण शेंकडा ९६ नें कमी झाली. नवराबायकोंपैकीं एकासच बाधा असलेल्या घरांत हें वाक्य दोघांनीं मिळून वाचावें असें आम्हांस वाटतें.

चिठ्ठी कोणी पाहावी, ह्याविषयींहि दोन शब्द. २०१७ चा एच. आय. व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला आहे. त्या अन्वयें माणसाच्या संमतीवांचून ही तपासणी करणें किंवा त्याची बाधा दुसऱ्यास सांगणें, कायद्यानें सांगितलेले थोडे अपवाद सोडून, मना आहे. चिठ्ठी वाचून द्या म्हणून कोणी आपणांकडे आला, तर आपण मास्तर असा, पाळक असा वा शेजारी असा, वाचलें तें तेथेंच ठेवावें. अमक्यासाठीं प्रार्थना करा असें म्हणून सभेंत त्याचा रोग बोलून दाखविणारे सद्भावी लोकहि आहेत; त्यांच्या सद्भावनेनें त्या घरच्या मुलीचें लग्न मोडतें. कोणाशीं बोलण्याची सोय नसेल तर १०९७ ह्या क्रमांकावर फुकट फोन करितां येतो.

धान घरांत आल्यावर आपल्या भागांतील पुष्कळ कुटुंबें मिरची तोडावयास तेलंगणांत जातात, व गोळ्या तुटतात त्या बहुधा तेथें. निघण्यापूर्वीं केंद्रावर जाऊन किती महिने बाहेर राहणार तें स्पष्ट सांगावें. प्रकृति स्थिर असलेल्यास एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या देतां येतात, आणि मुक्काम लांबणारा असेल तर तिकडील सरकारी केंद्रावर औषध घेण्याची व्यवस्था होते. पुस्तिका बरोबर न्यावी. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख, सी. डी. ४ चा आंकडा, शेंकडा, व्हायरल लोड आणि त्या दिवसांत ताप होता कीं नाहीं, हें एका ओळींत लिहून ठेवावें. लिहितां येत नसेल तर केंद्रावरील समुपदेशकाकडून लिहवून घ्यावें. म्हणजे वरंगळकडचा डॉक्टर मराठी जाणत नसला तरी त्यास ते आंकडे वाचतां येतील.